बारावीनंतर भाषाविज्ञान शिकायचंय? घरच्या बोलीपासून सुरुवात करा

मी परतवाड्याची. वऱ्हाडीत वाढले, हैदराबाद विद्यापीठात भाषाविज्ञान शिकले, आणि आता पुण्यात बोललेली मराठी संगणकाला ओळखता यावी यासाठी काम करते. दर उन्हाळ्यात गावाकडून फोन येतात. "ताई, पोरीले भाषेची लय आवड हाय, हे भाषाविज्ञान घेऊ द्याव काय?" फोनवर सगळं सांगता येत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

पहिली गोष्ट आईवडिलांसाठी. या पदवीत दहा भाषा बोलायला शिकवत नाहीत. साहित्याचा अभ्यासही इथे जवळजवळ नसतो, आणि शुद्धलेखन सुधारण्यासाठी तर हा विषय मुळीच नाही. माणसं बोलतात तेव्हा नेमकं काय घडतं, कोणत्या नियमांनी घडतं आणि ते नियम कुणी न शिकवता चार वर्षांच्या पोराला कसे येतात, हे शोधायचं असतं. कवितेची आवड असलेल्या मुलीला हा विषय आवडेलच असं नाही. गणिताची किंवा कोड्यांची आवड असलेल्या मुलीला मात्र तो बऱ्याचदा धरून ठेवतो.

आधी एक संध्याकाळ द्या

फॉर्म भरण्याआधी एक प्रयोग करा. 'काच' हा शब्द मोठ्याने म्हणा, मग 'काचेचा'. पुन्हा म्हणा. 'काच'मधला च दातांजवळ होतो. 'काचेचा' म्हणताना पहिला च टाळूकडे सरकतो आणि दुसरा पुन्हा दातांजवळ येतो. आता 'माझा' आणि 'माझी' म्हणा. 'घरचा' आणि 'घरची' म्हणा. इ किंवा ए पुढे आला की दंततालव्य, म्हणजे दातांजवळचा, उच्चार तालव्य, म्हणजे टाळूकडचा, होतो. हा नियम तुम्ही रोज शेकडो वेळा पाळता, पण तो तुम्हाला कुणी सांगितला नव्हता.

इथे थांबू नका. 'चार' हा आकडा म्हणा. पुढे आ आहे, तरी च तालव्यच. मग नियम मोडला का? जुन्या मराठी कागदपत्रांत हा शब्द 'च्यार' असा लिहिलेला सापडतो. तालव्य करणारा य तिथे होता, पुढे तो गळून गेला आणि त्याचा परिणाम तेवढा मागे राहिला. आता 'गुरांना चारा चार' यातला शेवटचा 'चार' म्हणा. हा दंततालव्य. लिहायला दोन्ही सारखे, कानाला वेगळे, अर्थही वेगळे. 'तो जात आहे' आणि 'जात-धर्म' यांतला ज असाच तपासा. म्हणजे एकीकडे दोन उच्चारांमधला फरक नियमाने सांगता येतो आणि दुसरीकडे त्याच फरकाने अर्थ बदलतो. मग मराठीत च एक मानायचा की दोन?

हा प्रश्न घेऊन तुम्ही घरभर हिंडलात, आजीला, दुकानदाराला शब्द म्हणायला लावलेत, वहीत यादी केलीत, तर हा विषय तुमचा आहे. 'बरं, मग पुढे काय' असं वाटलं तर दुसरं काही निवडा, त्यात काहीच वाईट नाही.

कुठे शिकायचं

महाराष्ट्रात हा विषय मुख्यतः एमएपासून शिकवला जातो. पुण्याचं डेक्कन कॉलेज त्यातलं सर्वांत जुनं नाव. १९३९ साली ते पदव्युत्तर आणि संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झालं, आणि आधुनिक भाषाविज्ञान भारतात रुजलं त्यात या संस्थेचा मोठा वाटा आहे. मुंबई विद्यापीठातही भाषाविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. बारावीनंतर थेट शिकायचं तर बहुधा राज्याबाहेर पडावं लागतं. हैदराबाद विद्यापीठात भाषाविज्ञानाचा पाच वर्षांचा एकत्रित एमए आहे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात भाषाविज्ञानात बीए ऑनर्स करता येतं. बनारस हिंदू विद्यापीठात बीएला हा विषय घेता येतो. कोलकाता विद्यापीठातही पदवीला हा विषय आहे. गणित-विज्ञानवाल्यांसाठी हैदराबादच्या ट्रिपल आयटीत संगणकशास्त्रातलं बीटेक आणि संगणकीय भाषाविज्ञानातलं संशोधन-एमएस अशी पाच वर्षांची दुहेरी पदवी आहे. ती वाट अवघड आहे आणि खर्चीकही, पण नोकरीच्या दृष्टीने सर्वांत सरळ तीच.

नावावर जाऊ नका, अभ्यासक्रम उघडून वाचा. मी तीन गोष्टी पाहायला सांगते. ध्वनिविज्ञानाला प्रत्यक्ष ऐकण्याचे आणि ध्वनिमुद्रणाचे तास आहेत का? वाक्यविचार, म्हणजे वाक्यरचनेचा अभ्यास, एका सत्रात गुंडाळलाय की निदान दोन सत्रं आहे? आणि क्षेत्रकार्य, म्हणजे न येणाऱ्या भाषेच्या भाषकासमोर बसून तिचं व्याकरण शोधून काढण्याचा पेपर, आहे का? हा तिसरा पेपर नसेल तर पदवी अर्धीच राहते असं माझं ठाम मत आहे.

घर सोडणं शक्य नसेल तर तेही सांगते, कारण हे कारण बहुतेक वेळा खरं असतं आणि बहुतेक वेळा मुलींच्याच बाबतीत असतं. जवळच्या कॉलेजात मराठी, संस्कृत किंवा इंग्रजी घेऊन बीए करा. सोबत मानसशास्त्र किंवा संख्याशास्त्र मिळालं तर जरूर घ्या. मराठीच्या अभ्यासक्रमात भाषाविज्ञानाचा पेपर असतो, तो उत्तरं पाठ करून काढू नका. स्वयम् आणि एनपीटेल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळांवर या विषयाचे मोफत अभ्यासक्रम आहेत, ते त्या तीन वर्षांत करा. मग एमएला डेक्कन कॉलेज. ही आडवाट नाही. तिथे अनेक जण असेच पोहोचतात, आणि संस्कृत व्याकरण शिकून आलेल्यांना तर पाणिनीमुळे नियम लिहिण्याची शिस्त आधीच लागलेली असते.

दहावी-बारावीत असाल तर पाणिनीच्याच नावाची भाषाविज्ञान ऑलिम्पियाड द्या. तिच्यातून आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडसाठी भारताचा संघ निवडला जातो. ती आंतरराष्ट्रीय स्पर्धा २००३ साली बल्गेरियात सुरू झाली आणि २०१६ साली म्हैसूरला भरली होती. संघात निवड होणं दूरची गोष्ट, पण जुने प्रश्न मोफत मिळतात. कधी नाव न ऐकलेल्या भाषेतली दहाबारा वाक्यं आणि त्यांचे अर्थ समोर ठेवलेले असतात, त्यावरून व्याकरण शोधायचं. पदवीच्या पहिल्या वर्षाची याहून चांगली तयारी मला माहीत नाही.

पहिलं वर्ष कानाचं

पहिल्या सत्रात आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीचा, म्हणजे कोणत्याही भाषेतले उच्चार लिहिण्याच्या खुणांचा, तक्ता समोर येतो आणि मराठी माध्यमातली मुलं बिचकतात. बिचकायचं कारण नाही. त्यातला मोठा भाग तुम्हाला बालवाडीपासून पाठ आहे. क-वर्ग कंठ्य, च-वर्ग तालव्य, ट-वर्ग मूर्धन्य, त-वर्ग दंत्य, प-वर्ग ओष्ठ्य. घशापासून ओठांकडे आलो. प्रत्येक वर्गात आधी अघोष, मग घोष, त्यांत अल्पप्राण-महाप्राण, शेवटी अनुनासिक. आपली वर्णमाला म्हणजे उच्चारशास्त्राचा तक्ताच आहे. ध, भ, घ यांचे सघोष महाप्राण उच्चार इंग्रजी माध्यमातल्या पुस्तकांत खास समजावून सांगावे लागतात. तुम्ही ते जन्मापासून करता, त्यात 'म्हैस' आणि 'न्हाणं' यांतले महाप्राण अनुनासिकही आले.

'प्राट' हे ध्वनिविश्लेषणाचं सॉफ्टवेअर ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी बनवलं आहे आणि ते मोफत आहे. साध्या लॅपटॉपवर चालतं. पहिल्याच महिन्यात उतरवून घ्या आणि वर्गात शिकवण्याची वाट पाहू नका. मी माझ्या आजीचा आवाज त्यात घातला होता. आमच्याकडे ळ चा य होतो: डोळे नाही, डोये, काळा नाही, काया. लहानपणापासून ऐकलेला तो फरक पडद्यावर पट्ट्यांच्या रूपात दिसला, तेव्हा मला या विषयाचं वेड लागलं.

ध्वनिमुद्रणाबद्दल थोडं, कारण हे वर्गात घाईत सांगतात. व्हॉट्सॲपचा आवाज चालत नाही, तो दाबून लहान केलेला असतो. फोनवर वेव्ह स्वरूपात, ४४.१ किलोहर्ट्झला नोंद करणारं ॲप घ्या. पंखा बंद करा. पंख्याची घरघर नंतर काढता येत नाही. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा बाजूला धरा. फाइलच्या नावात तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचा सांकेतिक क्रमांक असू द्या. माणसाचं नाव फाइलवर लिहू नका, ते वेगळ्या वहीत ठेवा.

आणि 'हे कसं म्हणता?' असं विचारू नका. तसं विचारलं की लोक पुस्तकी बोलतात. माझी आजीसुद्धा बोलली होती. भाकरी कशी करता, लग्नात काय झालं, पाऊस कसा होता, असं विचारा आणि गप्प बसा.

म्या आणि मले

शाळेत मला 'मले' म्हटल्याबद्दल हसले होते. वऱ्हाडातल्या, खानदेशातल्या, कोकणातल्या प्रत्येक मुलाला हा अनुभव आहे. या विषयात शिरल्यावर पहिली सुटका होते ती इथे. मराठीचं एक उदाहरण घेऊन सांगते, म्हणजे वाक्यविचार कसा शिकायचा तेही कळेल.

'मुलीने आंबा खाल्ला', 'मुलीने पोळी खाल्ली'. क्रियापद आंबा आणि पोळीप्रमाणे बदलतं, मुलीप्रमाणे नाही. कर्त्याला 'ने' लागलाय. पण 'मी आंबा खाल्ला' म्हणताना 'ने' नाही. 'तू आंबा खाल्लास' इथेही 'ने' नाही, उलट क्रियापदाला स लागून कर्ता तिथे डोकावतो. म्हणजे प्रथम-द्वितीय पुरुष एका बाजूला आणि तृतीय पुरुष दुसऱ्या बाजूला. जगातल्या अनेक भाषांत अशी फूट दिसते आणि तिच्यावर खूप लिहिलं गेलं आहे. आता पुढचं पाहा. 'मुलगी नाव विसरली', 'मुलगी धडा शिकली', 'मुलगी चहा प्यायली'. सकर्मक क्रियापदं, भूतकाळ, तरी 'ने' का नाही? अशी क्रियापदं किती आहेत? त्यांच्या अर्थात काही समान आहे का? 'मुलीने नाव विसरले' हे वाक्य कानाला खटकतं. न चालणाऱ्या अशा वाक्यासमोर आपण फुली किंवा चांदणी मारतो. पुस्तकं बहुतेक वेळा चालणारी वाक्यं देतात, पण नियम कुठे संपतो हे चांदणीवालं वाक्य दाखवतं. माझ्या वहीत अशी वाक्यं जास्त होती.

आता वऱ्हाडी. आमच्याकडे 'म्या खाल्ला' म्हणतात. ऐकणाऱ्याला ते गावंढळ वाटतं. पण प्रथम पुरुषाचं हे वेगळं तृतीयेचं रूप ज्ञानेश्वरीत 'म्यां' असं आहे. प्रमाण मराठीने ते टाकलं आणि 'मी'वरच भागवलं, बोलीने जपलं. त्याच वेळी वऱ्हाडीत 'तू आंबा खाल्ला' असं म्हणतात, तो स नाही. म्हणजे कर्त्याची खूण कुठे ठेवायची याचे दोन वेगळे हिशोब एकाच भाषेच्या दोन रूपांत आहेत. 'अशुद्ध' म्हणून लाल रेघ मारली असती तर हे दिसलंच नसतं.

म्हणून माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला: वर्गात शिकवलेल्या प्रत्येक संकल्पनेसाठी घरच्या बोलीतलं एक उदाहरण त्याच दिवशी लिहा. पाठ्यपुस्तकं इंग्रजीत असतात, उदाहरणंही बरीचशी इंग्रजीची. ती पाठ करून परीक्षा सुटते, पण संकल्पना हाताला लागत नाही. व्याख्या इंग्रजीत लिहायला हरकत नाही, परीक्षा तशीच द्यायची असते. उदाहरण मात्र आपलं. ते तीन ओळींत लिहायची सवय लावा: वर बोललेलं वाक्य, मधे प्रत्येक तुकड्याखाली त्याचं काम, खाली साधा अर्थ. लाइपझिगचे नियम म्हणून ही पद्धत सगळीकडे चालते आणि थोड्याच पानांत शिकून होते. मोरो केशव दामल्यांचं १९११ सालचं मराठी व्याकरण सोबत ठेवा. ना. गो. कालेलकर आणि अशोक केळकर यांनी मराठीतच भाषाविज्ञान लिहिलं आहे, तेही वाचा. परिभाषा दोन्ही भाषांत कळली की भीती जाते.

आपल्या तालुक्याची जुनी नोंद शोधणं हा मी सगळ्यांना सांगते तो अभ्यास. ग्रियर्सन या इंग्रज अधिकाऱ्याने केलेल्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा खंड, सातवा, १९०५ साली निघाला. बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट त्यात बोलीबोलींत उतरवून घेतली आहे, आणि तो खंड इंटरनेटवर मोफत मिळतो. त्यातला तुमच्या भागाचा उतारा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवा आणि ते कुठे अडतात ते टिपा. मग डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसाठी केलेल्या बोलींच्या सर्वेक्षणाचं संकेतस्थळ उघडा. तिथे आजच्या गावोगावच्या माणसांचे आवाज आहेत. शंभरहून जास्त वर्षांचं अंतर एका दुपारी पार करता येतं.

समाजभाषाविज्ञानाच्या पेपरात महाराष्ट्रातलं एक गाव नक्की भेटेल. गम्पर्झ आणि विल्सन यांनी १९७१ साली सांगली जिल्ह्यातल्या, 'कुपवार' या नावाने लिहिलेल्या, गावाचा अभ्यास छापला. तिथे कानडी, मराठी आणि उर्दू पिढ्यानपिढ्या शेजारी बोलल्या गेल्या. शब्द आपापले राहिले, पण वाक्यांची ठेवण इतकी जवळ आली की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येईल. जगभरचे विद्यार्थी तो लेख वाचतात. आपल्या मुलांनी तो मुळातून वाचावा, दुसऱ्याच्या नोट्समधून नको.

दुसऱ्याच्या भाषेकडे जाताना

परतवाड्याच्या बाजारात मेळघाटातली कोरकू माणसं येतात. मी त्यांची भाषा लहानपणापासून ऐकत आले, पण ती मराठीची कुणी लागत नाही हे मला पदवीत कळलं. कोरकू मुंडा कुळातली, तिची नाती झारखंडच्या संताळी-मुंडारीशी. तिच्यात दोघांसाठी वेगळं द्विवचन आहे, संस्कृतसारखं. २०११ च्या जनगणनेत तिचे सव्वासात लाखांहून अधिक भाषक नोंदले आहेत. यवतमाळकडची कोलामी आणि गडचिरोलीची माडिया द्राविडी. बुलढाण्याच्या जळगाव-जामोद भागातली निहाली तर कुठल्याच ज्ञात कुळात बसत नाही. असा प्रांत पायाखाली असताना प्रकल्पासाठी विषय मिळत नाही असं म्हणू नका.

पण जाण्याची रीत असते. आधी त्या गावातल्या शिक्षकाला किंवा आशाताईंना भेटा. पेरणी-कापणीत जाऊ नका. होळीला कोरकू कुटुंबं बाहेरगावच्या मजुरीवरून घरी येतात. ओळखी करून घ्यायला तो काळ चांगला, शब्दयादी घेऊन बसायला नाही. ध्वनिमुद्रणाची परवानगी त्यांना कळेल अशा भाषेत मागा आणि ती परवानगीही मुद्रित करा. त्यांचा दिवस बुडत असेल तर मजुरी द्या. शंभर शब्दांची यादी आधी घ्या, मग छोटी वाक्यं, मग गोष्ट. गोष्टीत असं व्याकरण सापडतं जे विचारून कधीच मिळालं नसतं. मुद्रणाची प्रत त्या घरात पोहोचवा, साध्या मेमरी कार्डवर का होईना. रस्ता, शाळा, योजना यांबद्दल कसलंही आश्वासन देऊ नका.

संगणक आणि पोटापाण्याचं

दुसऱ्या वर्षापर्यंत पायथन ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा शिका. फाइल उघडणं, शब्द मोजणं, नमुना शोधणं, एवढं आलं तरी पुष्कळ. थोडं संख्याशास्त्रही हवंच.

नुसत्या बीएवर 'भाषावैज्ञानिक' या नावाची नोकरी क्वचितच मिळते, हे मी प्रत्येक पालकाला सांगते. एमए धरूनच चाला. पुढे प्राध्यापकीसाठी नेट आहे, भाषाविज्ञान हा त्यात वेगळा विषय आहे. म्हैसूरची भारतीय भाषा संस्थान ही केंद्र सरकारची संस्था १९६९ पासून आहे, तिथे प्रकल्पांवर माणसं लागतात. कोशकार्य, अनुवाद, आवाज आणि मजकुराच्या तंत्रज्ञानाच्या कंपन्या आहेत. कंपन्यांतलं सुरुवातीचं काम पुष्कळदा कंत्राटी आणि कंटाळवाणं असतं. ज्याला भाषाही कळते आणि प्रोग्रामही लिहिता येतो, तो तिथून लवकर वर सरकतो.

एक गैरसमज वेळेवर दूर करायला हवा. तोतरेपणा किंवा बहिरेपणावर उपचार करणारी वाचा-श्रवणतज्ज्ञ व्हायचं असेल तर ही पदवी घेऊ नका. त्याला बीएएसएलपी हा वेगळा अभ्यासक्रम आणि भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते. बारावीला विज्ञान हवं. वाचा-श्रवणाची अखिल भारतीय संस्थाही म्हैसूरलाच आहे, म्हणून गोंधळ होतो.

राहिला प्रवेश. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी ही सामायिक प्रवेश परीक्षा पाहावी लागते. अलीगढ काही अभ्यासक्रमांना स्वतःची परीक्षाही घेतं. ट्रिपल आयटीच्या दुहेरी पदवीला संस्थेची परीक्षा आणि मुलाखत असते. सीयूईटीच्या अर्जात विषय टिकमार्क करण्याआधी, जिथे अर्ज करणार त्या प्रत्येक विद्यापीठाचं त्या वर्षीचं माहितीपत्रक उघडून पात्रता वाचा. कोणता भाषेचा पेपर आणि कोणता विषयाचा पेपर चालतो हे विद्यापीठागणिक वेगळं असतं, आणि चुकीचा पेपर दिला तर चांगले गुणही उपयोगी पडत नाहीत. जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर केंद्राच्या नमुन्यात लागतात, राज्याचा नमुना चालत नाही. तहसीलमध्ये ते मिळायला वेळ जातो, म्हणून बारावीची परीक्षा संपायची वाट न पाहता आधीच अर्ज टाका, पण कोणत्या तारखेनंतरचा दाखला चालतो तेही माहितीपत्रकात पाहा.